अख्खा फिशिंग रॉड दोन तुकड्यांत

वन-पीस रॉड गाडीत मावत नसेल तर कापून जोडाचा करता येतो.

१. दोन रिंगांच्या मधली जागा निवडा, मास्किंग टेप गुंडाळून बारीक दातांच्या हॅक्सॉने सरळ कापा.
२. दोन्ही कापलेल्या तोंडांवर दोरा घट्ट गुंडाळून इपॉक्सी लावा, हे टाळूच नका कारण जोर आला की रॉड तिथूनच उभा चिरतो.
३. आत बसेल अशी भरीव फायबरची कांडी घ्या, अर्धी खालच्या तुकड्यात इपॉक्सीने चिकटवा, बाहेरची अर्धी घासत घासत वरच्यात घट्ट बसेल इतकीच बारीक करा आणि जोडल्यावर दोन तुकड्यांच्या तोंडांमध्ये ५-६ मिमी फट राहू द्या, पुढे जोड झिजला तरी घट्टच बसतो.

कापताना-घासताना मास्क हवाच, ती धूळ फुफ्फुसाला वाईट.