‘एंजल’चे अखेरचे पर्व कसे पाहावे

‘एंजल’ या अमेरिकन मालिकेचे पाचवे आणि अखेरचे पर्व ‘द डब्ल्यूबी’ या वाहिनीवर १ ऑक्टोबर २००३ ते १९ मे २००४ या काळात प्रसारित झाले. त्यात २२ भाग आहेत आणि प्रत्येक भाग पाऊण तासाच्या आतबाहेरचा आहे. आत्मा परत मिळालेला एक व्हॅम्पायर लॉस एंजेलिसमध्ये खासगी गुप्तहेराचे काम करतो आणि असहाय माणसांना मदत करतो, ही मालिकेची मूळ कल्पना पहिल्या चार पर्वांत बरीच वाकली असली तरी मोडली नव्हती. पाचव्या पर्वात मात्र तो गुप्तहेर ज्यांच्याशी आयुष्यभर लढला त्याच ‘वूल्फ्रम अँड हार्ट’ या सैतानी वकिली संस्थेच्या लॉस एंजेलिस शाखेचा प्रमुख होऊन बसलेला दिसतो. ज्या ओळखीच्या हॉटेलातून एंजलची मंडळी काम करत, ते गेलेले असते, सगळी माणसे काचेच्या चकचकीत कचेरीत वावरत असतात आणि मागच्या पर्वातील एका महत्त्वाच्या पात्राचे नावही कोणी काढत नाही. त्यामुळे मालिकेचा जुना प्रेक्षकसुद्धा सुरुवातीला गोंधळतो, आणि थेट येथूनच पाहू लागणारा अनेकदा चौथ्या-पाचव्या भागात नाद सोडून देतो. थोडी तयारी केली आणि नेमके काय शोधत पाहायचे हे ठरवून घेतले, तर मालिकेतील सर्वांत बांधेसूद पर्व म्हणून हेच पर्व हाती लागते, असे माझे मत आहे.

पुढील मार्गदर्शन प्रथमच पाहणाऱ्यासाठी आहे. त्यामुळे पंधराव्या भागात कोणावर काय ओढवते आणि शेवटी कोण उरते, हे येथे सांगितलेले नाही.

आधी काय पाहून घ्यावे

आधीची चारही पर्वे पाहणे केव्हाही चांगले, परंतु तेवढा वेळ नसेल तर मोजक्या भागांवर निभावता येते. पहिल्या पर्वातील ‘सिटी ऑफ’ हा पहिला भाग पाहावा, कारण त्यातील अंधाऱ्या गल्लीत माणसांना वाचवणारा एंजल पाचव्या पर्वाच्या पहिल्याच दृश्यात पुन्हा भेटतो, आणि दोन दृश्यांमधील फरकातच पर्वाचा विषय आहे. त्याच पर्वातील ‘हीरो’ हा नववा भाग वगळू नये. त्यात डॉयल या पात्राने केलेल्या एका ओबडधोबड जाहिरातीचे चित्रण आहे, आणि ते पाचव्या पर्वाच्या बाराव्या भागात पुन्हा वापरले आहे. ते आधी पाहिलेले नसेल तर बाराव्या भागाचा आरंभ कोरडा वाटतो. डॉयलची भूमिका करणारे ग्लेन क्विन यांचे डिसेंबर २००२ मध्ये निधन झाले होते, हे ठाऊक असेल तर त्या चित्रणाचा पुन्हा केलेला वापर अधिक कळतो. पहिल्या पर्वाच्या ‘टू शान्शू इन एल. ए.’ या शेवटच्या भागात शान्शूची भविष्यवाणी येते. आत्मा असलेला व्हॅम्पायर मोठ्या संग्रामात आपला वाटा उचलील आणि अखेरीस माणूस होईल, असे ती सांगते. पाचव्या पर्वातील निम्मे ताणतणाव या भविष्यवाणीभोवती आहेत.

दुसऱ्या पर्वातील ‘रीयुनियन’ आणि ‘डेड एंड’ या भागांतून वूल्फ्रम अँड हार्टशी असलेले वैर आणि लिंडसी हा वकील समजतो. तिसऱ्या पर्वातून ‘लल्लबाय’ आणि ‘स्लीप टाइट’ पाहिले की एंजलचा मुलगा कॉनर आणि एंजलचा सहकारी वेस्ली याच्या हातून घडलेली मोठी चूक या दोन्ही गोष्टी ध्यानात येतात. चौथ्या पर्वाचा शेवटचा भाग ‘होम’ तर अनिवार्यच समजावा. कॉनरला नवे, सुखी आयुष्य मिळावे म्हणून एंजल कचेरीचा कारभार स्वीकारतो आणि त्या सौद्यात सर्वांच्या आठवणींतून कॉनर पुसला जातो. पाचव्या पर्वात त्याचा उल्लेख का होत नाही याचे कारण येथे आहे, आणि अठराव्या भागात या सौद्याचा हिशेब पुढे येतो.

ज्या मालिकेतून ‘एंजल’ जन्माला आली, त्या ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’चा शेवटचा भाग ‘चोझन’ मे २००३ मध्ये प्रसारित झाला. स्पाइक हा दुसरा व्हॅम्पायर एंजलच्या कचेरीत कसा येऊन पडतो, आणि अकराव्या भागातील अनोळखी तरुणीच्या अंगात एवढे बळ कोठून येते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ‘चोझन’मध्ये आहेत. उत्साह असेल तर ‘बफी’च्या पाचव्या पर्वातील ‘फूल फॉर लव्ह’ आणि ‘एंजल’च्या दुसऱ्या पर्वातील ‘डार्ला’ हे भाग लागोपाठ पाहावेत. २००० च्या नोव्हेंबरात ते एकाच रात्री प्रसारित झाले होते, आणि या व्हॅम्पायर मंडळींचा जुना इतिहास त्यांत दोन बाजूंनी दिसतो.

कोणत्या दृष्टीने पाहावे

पर्वातील बहुतेक भागांत एक प्रकरण येते, ते सोडवले जाते आणि भाग संपतो. वाहिनीला नव्या प्रेक्षकांसाठी सुटे भाग हवे होते, खर्चावरही कात्री लागली होती, आणि त्याचा परिणाम पूर्वार्धात स्पष्ट दिसतो. परंतु लेखकांनी या बंधनाचा चतुराईने उपयोग करून घेतला आहे. खरा तपास त्या त्या प्रकरणाच्या मागे, कचेरीतच चाललेला असतो: कोणाला काय मिळाले, त्याने त्या बदल्यात काय दिले, आणि आपण काही दिले आहे हे त्याला केव्हा समजले. म्हणून भाग पाहताना राक्षसांपेक्षा कागद, करार आणि सह्या यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे.

‘कन्व्हिक्शन’ या पहिल्या भागात ही पद्धत लगेच वापरून पाहता येते. एंजल गल्लीत एका स्त्रीचा जीव वाचवतो, आणि दुसऱ्याच क्षणी कचेरीची माणसे तेथे येऊन त्या प्रसंगाचा कागदोपत्री बंदोबस्त करू लागतात. त्याच भागात गन या साध्या, रस्त्यावर वाढलेल्या लढवय्याच्या डोक्यात कायद्याचे संपूर्ण ज्ञान घातले जाते, आणि त्या ज्ञानाचा पहिला उपयोग एका गुन्हेगार अशिलाला शिक्षेतून सोडवण्यासाठी करावा लागतो. एंजलला मिळते ते तर त्याच्या दुखण्यावरचे नेमके औषध आहे: कचेरीच्या खास काचेतून आलेल्या सूर्यप्रकाशात तो न जळता उभा राहू शकतो. सहकाऱ्यांपैकी शास्त्रज्ञ असलेल्या फ्रेड या तरुणीला प्रयोगशाळा मिळते, वेस्लीला दुर्मिळ ग्रंथ मिळतात आणि लॉर्नला मनोरंजन विभाग मिळतो. प्रत्येकाला हवे तेच मिळाले आहे, आणि पुढे प्रत्येकाला त्याच वस्तूच्या वाटेने गाठले जाते, एवढे ध्यानात ठेवून पाहावे.

पहिले सात भाग

हा टप्पा असमान आहे. तिसरा भाग ‘अनलीश्ड’ आणि पाचवा भाग ‘लाइफ ऑफ द पार्टी’ हे या पर्वातील कमजोर भाग मानावेत, आणि घाई असेल तर ते वगळण्यास हरकत नाही. चौथा भाग ‘हेल बाउंड’ मात्र शांतपणे आणि रात्री पाहावा, कारण भयकथा म्हणून तो उत्तम बांधलेला आहे. निराकार अवस्थेत अडकलेल्या स्पाइकला मृत्यूनंतर आपल्या वाट्याला काय येणार याची भीती तेथे प्रथमच भेडसावते. मेक्सिकन मुखवटाधारी कुस्तीगिराची गोष्ट सांगणारा सहावा भाग वरवर विनोदी वाटतो, परंतु कचेरीच्या टपाल विभागात काम करणारा तो म्हातारा कुस्तीगीर म्हणजे लढण्यावरचा विश्वास उडालेल्या एंजलचेच पुढचे रूप आहे. सातव्या ‘लिनिएज’ या भागात वेस्लीचे वडील येतात. त्या भागाच्या अखेरीस वेस्ली जे करतो ते तो कोणासाठी आणि किती चटकन करतो, याची नोंद मनात करून ठेवावी.

मधला टप्पा

आठव्या ‘डेस्टिनी’ या भागापासून पर्वाला खरा वेग येतो. आत्मा असलेले व्हॅम्पायर आता दोन आहेत, तेव्हा भविष्यवाणीतील व्हॅम्पायर नेमका कोणता, या प्रश्नावरून एंजल आणि स्पाइक यांची जुंपते. डेव्हिड बोरिआनाझ आणि जेम्स मार्स्टर्स यांच्या अभिनयाची जुगलबंदी येथे ऐन भरात आहे, आणि १८८० च्या लंडनमधील प्रसंगांमुळे या भांडणाचे मूळ किती जुने व किती क्षुद्र आहे हेही दिसते. नववा ‘हार्म्स वे’ हा भाग हार्मनी या व्हॅम्पायर सचिवाच्या एका दिवसाची कथा सांगतो. कर्मचाऱ्यांनी माणसाचे रक्त प्यायले आहे की नाही हे तपासणारी रक्तचाचणी त्या कचेरीत होते, आणि त्या चाचणीत हार्मनी सापडते. कार्यालयीन नियमावलीची इतकी गमतीदार थट्टा मालिकेत अन्यत्र नाही. दहावा भाग स्वतः बोरिआनाझ यांनी दिग्दर्शित केला आहे.

बारावा ‘यू आर वेलकम’ हा मालिकेचा शंभरावा भाग आहे. एंजलची पहिल्या पर्वापासूनची सहकारी कॉर्डेलिया (करिस्मा कारपेंटर) त्यात परत येते. हा भाग एकटाच पाहावा आणि त्यानंतर त्या दिवशी दुसरा भाग लावू नये. कॉर्डेलिया एंजलला निरोपाच्या वेळी जे देऊन जाते त्याचा अर्थ शेवटच्या दोन भागांत उघड होतो, आणि तेवढ्यासाठी हा भाग नीट लक्षात राहणे आवश्यक आहे. दुसऱ्या महायुद्धातील पाणबुडीवर घडणारा तेरावा भाग चांगला आहे, पण मुख्य कथेला त्याची फारशी गरज नाही.

चौदाव्या ‘स्माइल टाइम’मध्ये लहान मुलांच्या एका कार्यक्रमाच्या जादूमुळे एंजल कापडी बाहुला होतो. हा भाग पाहताना हसू आवरत नाही, आणि त्या हसण्याच्या आड लेखकांनी पर्वातील सर्वांत महत्त्वाची सही दडवली आहे. डोक्यातील कायद्याचे ज्ञान विरू लागल्याने घाबरलेला गन ते टिकवण्यासाठी काय मान्य करतो, ते दृश्य छोटे आहे आणि बाहुल्यांच्या गडबडीत सहज निसटते. ते निसटू देऊ नये. हा भाग एका संध्याकाळी पाहावा आणि ‘अ होल इन द वर्ल्ड’ व ‘शेल्स’ हे पुढचे दोन भाग दुसऱ्या दिवशी सलग पाहावेत. या दोन भागांमध्ये खंड पडू देणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, कारण पहिल्यात बसलेल्या धक्क्याचा अर्थ दुसऱ्याच्या शेवटी येणाऱ्या दृश्यातूनच पूर्ण होतो. एमी अ‍ॅकर (फ्रेड) आणि अ‍ॅलेक्सिस डेनिसॉफ (वेस्ली) यांचे या मालिकेतील सर्वोत्तम काम येथे आहे. या दोन भागांविषयी आधी काहीही वाचू नये.

शेवटाकडे

मालिका बंद करण्याचा निर्णय फेब्रुवारी २००४ मध्ये जाहीर झाला, तेव्हा चौदावा भागदेखील प्रसारित व्हायचा होता. चाहत्यांनी मोहिमा चालवल्या, पण वाहिनीने निर्णय बदलला नाही. सतराव्या भागापासून कथा अधिक दाटीने पुढे सरकते याचे एक कारण हेही असावे, असे पाहताना वाटत राहते. ‘अंडरनीथ’, ‘ओरिजिन’ आणि ‘टाइम बॉम्ब’ हे तीन भाग क्रमानेच पाहावेत. विसाव्या ‘द गर्ल इन क्वेश्चन’ या भागाविषयी चाहत्यांत मतभेद आहेत: एंजल आणि स्पाइक रोममध्ये बफीच्या, म्हणजे मूळ मालिकेच्या नायिकेच्या आणि दोघांच्या जुन्या प्रेयसीच्या, मागे धावत राहतात आणि शेवट जवळ आलेला असताना हा फार्स कशाला, असा प्रश्न पडतो. मलाही तो अर्धा भाग लांबलेला वाटतो. तरीही तो वगळू नये, कारण त्याच वेळी लॉस एंजेलिसमध्ये वेस्लीच्या वाट्याला येणारे उपकथानक शेवटच्या भागातील त्याच्या प्रसंगांसाठी अत्यावश्यक आहे.

‘पॉवर प्ले’ आणि ‘नॉट फेड अवे’ हे शेवटचे दोन भाग एका बैठकीत पाहावेत. पहिल्यात एंजलच्या हेतूविषयी शंका निर्माण केली जाते आणि ती मित्रांइतकीच प्रेक्षकालाही छळावी अशी योजना आहे, म्हणून उत्तर आधी शोधू नये. दुसऱ्यात प्रत्येक पात्राला एक मोकळा दिवस मिळतो. तो कोण कसा घालवतो हे सावकाश पाहावे, कारण पुढच्या हाणामारीपेक्षा पात्रांविषयी त्यातूनच जास्त समजते. येथेही एक सही आहे, आणि तिचे मोल फक्त ‘टू शान्शू इन एल. ए.’ पाहिलेल्यालाच कळेल.

अखेरच्या दृश्यावर पडदा अचानक पडतो. मालिका बंद पडल्यामुळे गोष्ट अर्धवट सुटली, अशी समजूत करून घेण्याचा मोह तेथे होतो, पण शेवटच्या तासातील संवाद नीट ऐकले असतील तर विजयाची आशा न धरता लढायचे हे आधीच ठरलेले आहे, आणि दृश्य तेथे तुटणे त्या ठरावाला धरूनच आहे. पुढे काय झाले याची उत्सुकता आवरत नसेल, तर ‘आयडीडब्ल्यू’ या प्रकाशनसंस्थेने नोव्हेंबर २००७ पासून काढलेली ‘एंजल: आफ्टर द फॉल’ ही १७ अंकांची चित्रकथा आहे. तिचे लेखन ब्रायन लिंच यांचे असून कथानकात मालिकेचे एक जनक जॉस व्हेडन यांचा सहभाग आहे. ती शेवटच्या भागापाठोपाठ लगेच न वाचता काही दिवसांनी हाती घ्यावी, कारण तिच्यातील लॉस एंजेलिस आणि पात्रांची अवस्था इतकी वेगळी आहे की ताज्या आठवणीवर ती चटकन बसत नाही.