जेडचा जुना चिनी शिक्का शाई न लावता वाचा

शिक्क्यावरची अक्षरं उलटी असतात, आणि ठसा घ्यायला शाई लावावी तर खाचांत बसलेला जुना लाल रंग बिघडतो. तो रंग म्हणजे शिक्का वापरात होता याची खूण, जिवापाड जपावी अशी.

१. खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने, अगदी आडवा धरा. खाचांत सावली पडून रेघा उठून दिसतात.
२. बरोबर वरून मोबाइलने फोटो काढा आणि तो आडवा फ्लिप करा.
३. उजवीकडच्या ओळीपासून वरून खाली वाचा. शेवटी बहुधा 'यिन' किंवा 'शी' असतं; दोन्हींचा अर्थ शिक्का.

तोच फोटो मोठा करून खाचेचा तळही बघा. जेड साध्या चाकूला दाद देत नाही. ते फिरत्या चाकाने, कठीण पूड वापरून घासत कोरायचे. चाकूचे मोकळे, खडबडीत फटकारे दिसले तर तो बहुतेक शोउशानसारखा मऊ दगड, मग जेडचा भाव देऊ नका. चिंग सम्राट छ्येनलोंगचा (कारकीर्द १७३६–१७९५) म्हणून कोणी दाखवला तर त्याच्या ठशांच्या प्रसिद्ध झालेल्या नोंदींशी रेघन् रेघ ताडून पाहा.

जपून: तो लाल रंग बहुधा हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं संयुग. ब्रशने खरवडू नका, हाताळल्यावर हात धुवा.