बाप्तिस्मा आणि मिक्वे: तुलना करताना या चुका टाळा

ख्रिस्ती बाप्तिस्मा आणि यहुद्यांचं मिक्वेतलं, म्हणजे शुद्धीसाठी बुडी मारायच्या कुंडातलं, स्नान यांची तुलना निघाली की दोनच निकाल ऐकू येतात. एक, ‘हे सगळं यहुद्यांकडूनच उचललंय.’ दुसरा, ‘बाप्तिस्म्यासारखं आधी काही नव्हतंच.’ दोन्ही घाईचे आहेत आणि दोन्हींत कुणाच्या तरी श्रद्धेवर अन्याय होतो.

मिक्वे म्हणजे पाप धुण्याचं स्नान समजणं

सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 12व्या आणि 15व्या अध्यायांत बाळंतपण, मासिक पाळी आणि शरीरातले स्राव यांमुळे येणाऱ्या अशुद्धतेचे नियम आहेत. बाळंत होणं पाप नाही. प्रेताला हात लावणंही पाप नाही. मृताचं दफन करणं तर यहुदी धर्मात मोठं पुण्यकर्म आहे. तरीही अशुद्धता येते आणि ती असेपर्यंत मंदिरात पाऊल टाकता येत नाही. इ.स. 70मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि यांतले बरेच नियम व्यवहारातून गेले. आज मिक्वे लागतं ते मुख्यतः पाळीनंतर विवाहित स्त्रीला आणि यहुदी धर्म स्वीकारणाऱ्याला.

आपल्याला इथे विटाळ आणि सोवळं आठवणारच. साम्य आहे, पण अर्धंच. रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, नियमांत पाळीतल्या स्त्रीला चूल बंद नसते. बंधन असतं ते पती-पत्नीच्या शारीरिक जवळिकीवर.

प्रत्यक्ष विधी पाहिला की फरक आणखी स्पष्ट होतो. कुंडात किमान 40 सेआ, म्हणजे काहीशे लिटर पाणी हवं आणि ते पावसाचं किंवा झऱ्याचं हवं. बादलीनं ओतून भरलेलं चालत नाही. म्हणून शहरांत पावसाचं पाणी शेजारच्या टाकीत साठवतात आणि नळाच्या पाण्याचं कुंड भिंतीतल्या भोकातून त्या टाकीला जोडतात. स्त्री आधी घरी किंवा तिथेच स्वच्छ आंघोळ करते, केस विंचरते, अंगठी उतरवते, नखांचा रंग काढते, कारण अंग आणि पाणी यांच्यामध्ये काहीही येता कामा नये. मग ती स्वतःच बुडी मारते. काठावरची बाई एवढंच पाहते की एकही केस पाण्यावर तरंगत राहिला नाही ना. म्हणजे मळ निघून गेलेला असतो, मगच हे स्नान सुरू होतं.

पाण्याला पश्चात्तापाशी ख्रिस्ती धर्मानंच जोडलं असं मानणं

वरचं वाचून लगेच उलट टोक गाठू नका. 1947पासून मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांपैकी तिथल्या यहुदी पंथाच्या नियमांच्या गुंडाळीत स्पष्ट म्हटलंय की, ज्याचं मन वळलेलं नाही त्याला समुद्र आणि नद्याही शुद्ध करणार नाहीत. येशूच्या काळातला, बाप्तिस्मा देणारा योहान याच मातीतला. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस त्याच्याबद्दल लिहितो की आत्मा आधी सदाचारानं शुद्ध झालेला हवा, स्नान त्यानंतरचं. मिश्ना या रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात रब्बी अकिवा तर देवालाच इस्राएलचं मिक्वे म्हणतात. पश्चात्ताप आणि पाणी यांचं नातं यहुद्यांना नवं नव्हतं.

काळाची गल्लत

‘योहानानं यहुद्यांचं धर्मांतराचं स्नानच उचललं’ असं छातीठोक सांगू नका. त्या स्नानाचं सविस्तर वर्णन तल्मूद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात येतं आणि तल्मूदाचं संकलन योहानानंतर काही शतकांनी झालं. ती प्रथा पहिल्या शतकात कितपत रूढ होती यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्या काळची पायऱ्यांची कुंडं मात्र मसादाचा किल्ला, कुमरान आणि यरुशलेमच्या मंदिराच्या दक्षिणेला आजही पाहता येतात.

‘एकमेव’ हा शब्द सैल वापरणं

वेगळेपण सांगायचंच तर नेमकं सांगा. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो, मिक्वे पुन्हा पुन्हा. बाप्तिस्मा दुसऱ्याच्या हातून घ्यायचा असतो. तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं होतो आणि प्रेषित पौलाच्या शब्दांत ख्रिस्ताच्या मरणात आणि पुनरुत्थानात सहभागी करतो. ख्रिस्ती श्रद्धेचं म्हणणं इथे आहे, आणि ते भक्कम आहे. त्यासाठी ‘आधी कुणी पाण्यात उतरतच नव्हतं’ असा आव आणायची गरज नाही. योहानाला मानणारे, पण ख्रिस्ती नसलेले इराक-इराणचे मंदाई लोक वाहत्या पाण्यात वारंवार बाप्तिस्मा घेतात, तेही विसरू नका.

विधीला निव्वळ प्रतीक समजणं

विधीत उतरणं म्हणजे काहीतरी कबूल करणं, म्हणूनच त्यावरून जीव गेले आहेत. 1520च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये बालपणीचा बाप्तिस्मा नाकारून प्रौढपणी पुन्हा तो घेणाऱ्या मंडळींवर खटले चालले. त्यांच्यातल्या फेलिक्स मांत्सला 1527मध्ये लिमात नदीत बुडवून मारलं गेलं. पुन्हा बाप्तिस्मा म्हणजे पहिला खोटा, असा त्याचा अर्थ लावला गेला.

आधीचं सगळं खोटं ठरण्याचा हा सल आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल यहुद्यांना वेगळ्या रूपात बोचला. पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळणारी, सुंता करणारी ही माणसं इस्राएलला गेली. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बीसंस्थेनं त्यांच्या लग्नांआधी आईकडची वंशावळ तपासायला सांगितलं आणि शंका आल्यास धर्मांतरितासारखं स्नान करावं लागण्याची शक्यता उभी राहिली. त्या पाण्यात उतरणं म्हणजे आपण आजवर यहुदी नव्हतो असं कबूल करणं. त्यांनी ते मानलं नाही. 1964मध्ये यरुशलेममध्ये निदर्शनं झाली आणि अखेर त्या नियमातून बेने इस्रायलांचं नाव वगळलं गेलं.