'आम्ही' की 'आपण'? ग्रंथालय-तंत्रज्ञान गटाचं घोषवाक्य कसं निवडावं

'कोडर्स फॉर लायब्ररीज, लायब्ररीज फॉर कोडर्स' ही अमेरिकेत २००३ साली सुरू झालेल्या कोड-फोर-लिब समूहाची जुनी ओळ. नाद झकास, पण तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदींची सूची) करणारे किंवा अभिलेखागारातले लोक त्यात कुठे बसतात? आता हा समूह ग्रंथालयं, संग्रहालयं आणि अभिलेखागारांसाठी काम करणारे डेव्हलपर व तंत्रज्ञ अशी स्वतःची ओळख सांगतो. नाद गेला, पण माणसं मावली.

आपल्या गटासाठी ओळ शोधताना आधी पदांची नव्हे, कामांची यादी करा: कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी भरणं, बारकोड चिकटवणं, देवघेव, बॅकअप, पोथ्यांचं स्कॅनिंग. पंधरा-वीस कामं सहज निघतात. सुचलेली प्रत्येक ओळ या यादीवर घासून बघा. बारकोड चिकटवणाऱ्या मदतनिसाला ती परकी वाटली, तर बाद.

मग व्याकरण. मराठीत खरी गोम इथेच आहे. 'आम्ही'मध्ये ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण'मध्ये तो आत येतो. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, म्हणून भाषांतर करताना हमखास 'आम्ही' पडतं. 'मी जोडतो' लिहिलं की बाई गायब. 'जोडणारे हात' चालतं, कारण तिथे लिंग हाताचं आहे, माणसाचं नाही. 'वाचक/वाचिका' अशी तिरकी रेघ टाळाच. अंधांसाठी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर कधी ती गाळतो, कधी 'स्लॅश' म्हणून मोठ्यानं वाचतो.

लांबी पाच ते सात शब्द. ओळ बिल्ल्याच्या मापात छापून हातभर अंतरावरून वाचा. जोडाक्षरांची गर्दी असेल तर छोट्या टंकात रफार आणि मात्रा एकमेकांत घुसतात. 'सर्वसमावेशक' हा शब्द मात्र घोषवाक्यात नकोच. तो अहवालात शोभतो.

सूचना दहा दिवस, नावं झाकून मागवा, नाहीतर वरिष्ठांची ओळ आपोआप जिंकते. शेवटी चार-पाचच ओळी ठेवा आणि पसंतीक्रमानं मत घ्या. साध्या मतदानात 'आपण'वाल्या दोन सारख्या ओळी एकमेकींची मतं खातात आणि कमी लोकांना आवडलेली तिसरीच निवडून येते. पसंतीक्रमात सर्वांत कमी पहिली पसंती मिळालेली ओळ बाद करायची, तिची मतं त्या-त्या मतपत्रिकेवरच्या पुढच्या पसंतीला द्यायची आणि एखादी ओळ निम्म्याच्या पुढे जाईपर्यंत हेच करत राहायचं. चाळीस मतपत्रिका असतील तर कागदावर अर्ध्या तासात उरकतं.