जळका कागद हाती घेण्याआधी

कोल्हापुरात चित्रकला शिकायला आलेली मुलं विचारतात, आठवणींवर काम करायचंय, कागद जाळून बघू का? माझी सुरुवात चुकली होती. 2019 च्या पुरात शाहूपुरीतल्या आमच्या घरात पाणी शिरलं, आजोबांच्या गूळ अडतीच्या खतावण्या चिखलात गेल्या. वाळवल्यावर त्यातलं एक पान मी थेट निरांजनावर धरलं. क्षणात आजोबांचं अक्षर गेलं. ते पान मी एकदाही नीट वाचलं नव्हतं. अजून रुखरुख लागते.

म्हणून मूळ कागद जाळू नका. झेरॉक्सही नको, तिच्या शाईत प्लास्टिक असतं, धूर वाईट. पान शिसपेन्सिलीने हाताने उतरवून काढा. कागदाचा कोळसा झाला तरी पेन्सिलीतलं ग्रॅफाइट टिकतं. तिरप्या उजेडात काळ्यावर अक्षर चकाकतं. आणि उतरवताना आपला हात त्यांच्या वळणावरून फिरतो. ‘येणे बाकी’मधला आजोबांचा लांब ओढलेला ‘ण’ मला असाच सापडला. माझ्या मते खरं काम इथेच होतं, आग नंतरची.

जाळायला ज्योतीपेक्षा उदबत्ती हुकमी. काजळी हवी असेल तर दिव्यावर कागद हलता ठेवा. चित्रकार वुल्फगांग पालेनने 1930 च्या दशकात हेच केलं, त्याला फ्यूमाज म्हणतात. फ्रेंच चित्रकार ईव्ह क्लाइनची 1961 ची आगीची चित्रंही बघा.

जळलेलं पान चिमटीत उचलू नका, भुगा होतो. ते पत्र्यावरच असू द्या. पाणीदार फेविकॉल उंचावरून फवारा, तुषार आपसूक खाली बसू द्या. फिक्सेटिव्हचा, म्हणजे चित्र पक्कं करायचा स्प्रे पेट घेतो, तो आगीजवळ आणूच नका. लॅमिनेशन केलेला कागद जाळू नका. पंखा बंद, खिडकी उघडी, बादलीभर पाणी शेजारी, आणि एकट्याने कधीच नाही.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापुरातलं, संगीत नट केशवराव भोसल्यांच्या नावाचं नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्यानंतर कित्येक महिने मी काडी ओढली नाही. मग आईला विचारलं, तिथे काय काय पाहिलंस? ती सांगत गेली, मी पेन्सिलीने लिहीत गेले. चौदा पानं झाली. त्यातल्या एकाचीच कड उदबत्तीने जाळली आहे.