सतराचा पाढा म्हणत २१ किलोमीटर: धावणं नकोसं वाटणाऱ्यांसाठी

"वहिनी, चल ना, नुसती सोबत म्हणून ये," असं म्हणून माझ्या नणंदेनं मला पुण्यातल्या तळजाईच्या टेकडीवर नेलं, तेव्हा मी ४२ वर्षांची होते. रक्तातली साखर काठावर आली होती आणि शाळा सुटल्यापासून मी बस पकडण्यापलीकडे कधी धावले नव्हते. त्या दिवशी दोनशे मीटरमध्ये दम लागला आणि हे आपलं काम नाही असं मनाशी ठरवून मी घरी आले. पुढे २० महिन्यांनी मी मुंबईत अर्धमॅरेथॉन पूर्ण केली. या मधल्या काळात जे कळलं ते क्रमानं सांगते. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते: बहुतेक नवशिके धावणं सोडतात ते पाय कमजोर म्हणून नव्हे, तर पहिल्याच दिवसापासून खूप जोरात धावतात म्हणून.

आधी डॉक्टर, मग बूट

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा आणि ईसीजी वा स्ट्रेस टेस्ट (चालत्या पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची तपासणी) लागेल का ते विचारा. बायकांनी हिमोग्लोबिनही तपासून घ्यावं. माझं कमी निघालं होतं, आणि मला जो आळस वाटत होता त्यातला बराचसा अशक्तपणा होता.

बूट धावण्याचेच घ्या. चालून-फिरून पाय थोडे सुजलेले असतात म्हणून संध्याकाळी खरेदीला जा, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील असा, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा जोड निवडा. नाहीतर लांब अंतर धावू लागलात की नखं काळी पडतात. बायकांनी चांगल्या स्पोर्ट्स ब्रावर खर्च करताना हात आखडू नये. बाकीचे कपडे कसेही चालतील, फक्त सुती नकोत. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि कातडी सोलवटते.

पहिले चार आठवडे: चालणं

आठवड्यातले पाच दिवस ३० ते ४० मिनिटं भरभर चाला. हा टप्पा गाळण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण गाळू नका. या महिन्यात शरीरापेक्षा घराची घडी बदलत असते: पहाटे साडेपाचला उठणं, डब्याची तयारी रात्रीच करून ठेवणं, घरच्यांना तुमच्या नसण्याची सवय होणं. माझ्या घरी सकाळचा चहा कोण करणार, यावरच पहिले दोन आठवडे गेले.

त्यानंतर: एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं

दिवसाआड, आठवड्यातून तीन वेळा. पाच मिनिटं चालून अंग गरम करा, मग एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला. अशा आठ ते दहा फेऱ्या. दर आठवड्याला धावण्याचा वेळ थोडा वाढवा: दीड मिनिट, दोन मिनिटं, तीन मिनिटं. दहा-बारा आठवड्यांत बहुतेक जण सलग अर्धा तास धावू लागतात. ज्यांना लागतात त्यांनी पंधरा घ्यावेत. जेफ गॅलोवे या अमेरिकी ऑलिंपिक धावपटूनं ही धावत-चालत पद्धत लोकप्रिय केली. ती फक्त नवशिक्यांसाठी नाही. अनेक जण पूर्ण मॅरेथॉनही अशीच पळतात.

आता वेगाचं. घड्याळ बघू नका. धावता धावता सतराचा पाढा मोठ्यानं म्हणा. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, असं न अडखळता, मध्ये धाप न लागता म्हणता आलं तर वेग बरोबर आहे. "सतरा त्रिक..." वर श्वास तुटला तर हळू व्हा. सुरुवातीला हा वेग इतका कमी असतो की शेजारून चालणारे आजोबा पुढे जातात. जाऊ द्या. माझा पहिल्या सहा महिन्यांचा वेग किलोमीटरला साडेनऊ मिनिटं होता.

हळू धावण्यामागचं कारण समजलं की ते पाळणं सोपं जातं. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांतच सुधारतात. स्नायूंना थोडा जास्त वेळ लागतो. पण स्नायूबंध आणि हाडं महिनोन् महिने घेतात. हाडावर नवा ताण आला की शरीर आधी जुनं हाड थोडं झिजवतं आणि मग नवं बसवतं, त्यामुळे मधले काही आठवडे ते आधीपेक्षा नाजूक असतं. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दम टिकतो, उत्साह येतो, आणि नेमके तेव्हाच पाय तयार नसतात.

मी हे स्वतःच्या नडगीवर शिकले. चौथ्या महिन्यात ६ किलोमीटर सहज व्हायला लागले, म्हणून एका रविवारी ओळखीच्या गटाबरोबर १० पळाले आणि बुधवारी पुन्हा ९. शुक्रवारी जिना उतरताना नडगीच्या आतल्या बाजूला कळ आली. पाच आठवडे धावणं बंद. त्या पाच आठवड्यांत मी जितकी चिडले तितकी आयुष्यात क्वचितच चिडले असेन.

दुखण्याबद्दल एवढं लक्षात ठेवा. दोन्ही पायांचे स्नायू सारखेच आणि पसरट दुखत असतील, दोन दिवसांत कमी होत असेल, तर तो सराव आहे. एकाच पायात, बोट ठेवून दाखवता येईल अशा एका जागी, विशेषतः हाडावर दुखत असेल आणि धावताना वाढत असेल, तर थांबा आणि अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. वेदनाशामक गोळी घेऊन धावायला जाऊ नका. छातीत दुखलं, घेरी आली, तर त्याच क्षणी थांबा आणि मदत मागा.

पायऱ्या आणि बैठका

आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा सावकाश खाली सोडा आणि वर उचला, बारा-बारा वेळा तीनदा. बैठका. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलणं. एका पायावर उभं राहणं, हे दात घासतानाही होतं. नडगी बरी झाल्यावर मी हे सुरू केलं आणि तेव्हापासून ती पुन्हा दुखलेली नाही.

१० किलोमीटर झाल्याशिवाय २१ चं नाव नको

निदान दोन-तीन महिने आठवड्याला २० ते २५ किलोमीटर आरामात होऊ द्या. मधे एखादी १० किलोमीटरची शर्यत पळा. काही मोठ्या शर्यतींना आधीच्या शर्यतीचं वेळेचं प्रमाणपत्र लागतं, तिथे ती कामाला येते. नोंदणीच्या अटी काही महिने आधीच वाचून ठेवा.

मग १४ आठवड्यांची तयारी. आठवड्यात चारच दिवस धावणं: दोन दिवस ५-६ किलोमीटर सावकाश, एक दिवस थोडा जोर किंवा चढ, आणि रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब धावणं. रविवारची अंतरं मी अशी ठेवली होती: ८, ९, १०, ८, ११, १२, १४, १०, १५, १६, १८, १२, ८ आणि मग शर्यत. दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी होतं ते मुद्दाम. शरीर दुरुस्त होतं ते तेव्हाच. १८ च्या पुढे सरावात गेले नाही. अर्धमॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची असते, आणि उरलेले तीन किलोमीटर शर्यतीचा दिवस ओढून नेतो.

लाँग रनही पाढ्याच्याच वेगानं. टेकडीचा रस्ता, विद्यापीठाचा परिसर, जिथे माणसं असतात अशी जागा निवडा. रस्त्यावर धावताना उजव्या बाजूनं धावा, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. कुत्री अंगावर आली तर पळू नका. थांबा, सावकाश चालत पुढे जा.

खाणं-पिणं

तासाभराच्या धावण्याला वेगळं काही लागत नाही. निघण्याआधी अर्ध केळं किंवा दोन खजूर पुरतात. दीड तासाच्या पुढे मात्र शरीरातला साखरेचा साठा आटायला लागतो. तेव्हा दर तासाला सुमारे ३० ग्रॅम कर्बोदकं घ्या, म्हणजे एक मध्यम केळं किंवा पाच-सहा खजूर. पोटाला याचीही सवय करावी लागते, म्हणून प्रत्येक लाँग रनला सराव करा. माझं पोट जेल (धावपटूंसाठी पाकिटात मिळणारा गोड घट्ट रस) सोसत नाही, खजूर सोसतात.

पाणी तहान लागेल तसं घोट घोट. तहान नसताना लिटरच्या लिटर पाणी पिणं धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम उतरतं. घाम जास्त येत असेल तर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी बरोबर ठेवा. परतल्यावर तासाभरात नीट खा: पोहे आणि अंडी, किंवा थालीपीठ-दही. वजन कमी करायचं म्हणून लाँग रननंतर उपाशी राहणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत. दुखापती त्यांनाच आधी झाल्या.

शर्यतीचा दिवस

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. पुण्यातला जानेवारी कोरडा आणि गार, मुंबईचा दमट. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही. म्हणून पुणे, नाशिक, साताऱ्याहून जाणाऱ्यांनी किलोमीटरमागे १५-२० सेकंद सोडून द्यायची तयारी ठेवावी.

आदल्या दिवशी एक्स्पोमधून, म्हणजे शर्यतीआधी भरणाऱ्या प्रदर्शनातून, बिब (छातीवर लावायचा नंबर) घेऊन या, पण तिथे तास न् तास फिरू नका. बिब टी-शर्टला रात्रीच चार पिनांनी लावा. नवं काहीही घालू नका, नवे मोजेसुद्धा नाही. काखा, मांड्या, ब्राची पट्टी इथे व्हॅसलिन. पुरुषांनी स्तनाग्रांवर चिकटपट्टी लावावी, नाहीतर रक्त येतं. शौचालयाच्या रांगा लांब असतात, तासभर आधी पोचा.

मी धावले त्या वर्षी माहीमहून अंधारात सुरुवात झाली. सगळे सुसाट निघाले आणि माझेही पाय आपोआप ओढले गेले. तेव्हा मी पाढा म्हणायला लागले. पहिले ५ किलोमीटर सरावापेक्षाही हळू ठेवा. सी लिंकवर समुद्राचा वारा लागतो, तिथे वेग वाढल्याचा भास होतो. वाढवू नका, कारण अर्ध्याहून जास्त अंतर झाल्यावर पेडर रोडचा चढ उभा राहतो. त्या चढावर मी ठरवून चालले, छोट्या पावलांनी, हात हलवत. कडेला उभ्या असलेल्या एका आजींनी हातावर संत्र्याच्या फोडी ठेवल्या आणि "शाब्बास गं" म्हणाल्या. मरीन ड्राइव्हवर ऊन आलं तेव्हा माझ्याजवळ ताकद शिल्लक होती. २ तास ५१ मिनिटं. शेवटच्या रेषेच्या पलीकडे नणंद पदक गळ्यात घालून उभी होती, आणि आम्ही दोघी रडलो.

नंतर

लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. पुढचा आठवडाभर धावणं नाही, फक्त चालणं. दुसऱ्या आठवड्यात दोन-तीन हलक्या फेऱ्या. पुढची नोंदणी निदान पंधरा दिवस तरी करू नका.

माझी दुसरी अर्धमॅरेथॉन साताऱ्याची, यवतेश्वरचा घाट चढून परत उतरण्याची. ती पहिली म्हणून निवडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सगळे चढाला घाबरतात, पण मांड्या मोडतात त्या उतारावर, कारण तिथे प्रत्येक पावलाला स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो. त्यासाठी सहा आठवडे आधीपासून दर आठवड्याला एकदा उतारावर सराव करा: पावलं छोटी, पाय शरीराच्या खालीच पडेल असा, अंग मागे न झुकवता. पावसात रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून धावू नका, त्या निसरड्या होतात.