कमी दिवसांचं बाळ: महिने मोजताना या चुका टाळा

"सहा महिन्यांचं झालं की, अजून पालथं पडत नाही?" कमी दिवसांच्या बाळाच्या आईला हे ऐकावंच लागतं. यात बहुतेक वेळा हिशेब चुकलेला असतो. पूर्ण दिवस म्हणजे 40 आठवडे. 37 आठवड्यांच्या आत जन्मलं तर ते कमी दिवसांचं. बाळ 32 व्या आठवड्यात झालं असेल तर 8 आठवडे, म्हणजे साधारण दोन महिने वजा करायचे. मान धरणं, पालथं पडणं, बसणं यासाठी हे सहा महिन्यांचं बाळ चारच महिन्यांचं. डॉक्टर याला सुधारित वय म्हणतात आणि निदान दोन वर्षांपर्यंत तेच धरतात.

उलटी चूक मात्र फार महागात पडते. लसींना ही वजाबाकी लागू नाही. तब्येत स्थिर असेल तर जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही तशीच. 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा जन्मवजन दोन किलोपेक्षा कमी असलेल्या बाळाची ती तीस दिवसांच्या आत व्हायला हवी, फारच लवकर झालेल्याची दोन-तीन आठवड्यांतच. अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून बाळ सोलापूरला काचेत ठेवायला आणतात, डिस्चार्ज मिळतो, आणि घरी ठरतं की सव्वा महिना बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. नेमकी तारीख हुकते. पडदा सुटला तर नजर परत आणणं अवघड, म्हणून या एका बाबतीत घरच्यांशी भांडावं लागलं तरी भांडा.

वॉकर आणू नका. त्यानं चालणं लवकर येत नाही, पडण्याची भीती तेवढी वाढते. काखेत धरून उभं करण्याचीही घाई नको. त्यापेक्षा चादरीची चौघडी जमिनीवर अंथरून, बाळ जागं असताना आणि कुणीतरी समोर बसून, थोडा थोडा वेळ पालथं ठेवा. झोपवताना मात्र उताणंच.

सुरुवातीला या बाळांना ऊब लागते, हे खरं. पण सोलापूरच्या एप्रिल-मेमध्येही टोपी, मोजे आणि दोन दुपटी? मानेमागे हात घाला. घाम लागला तर एक थर काढा. गुंडाळलेलं बाळ हातपाय हलवणार कधी?

वजाबाकी करूनही चार महिन्यांनंतर मान सावरत नसेल, मुठी घट्टच राहत असतील, लंगोट बदलताना पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर चढत असतील, तर "लागेल हळूहळू" म्हणत थांबू नका. वर्षाच्या आत बाळ एकच हात पुढे करत असेल तर आजी कौतुकानं म्हणते, डावखुरा होणार. तेही डॉक्टरांना दाखवा, सिव्हिलला किंवा तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे. व्यायाम जितका लवकर सुरू होईल तितका उपयोग जास्त. जाताना डिस्चार्ज कार्ड न्या. किती आठवड्यांचं झालं आणि जन्मवजन किती, हे त्यावर असतं. वजनासोबत डोक्याचा घेरही मोजून लिहून घ्या, तो बऱ्याचदा राहून जातो.